दोन बोटं कमी

रशियाशी लढाई जुंपली तेव्हा मोसुकेच्या घरातून आधी मुलगा गेला. इवाकिची. बर्फ अजून कमरेएवढा होता, तेव्हा त्याला शहरातल्या छावणीत बोलावलं आणि तिथून पुढे मांचुरियाला नेलं. मग बर्फ वितळला, रस्ते मोकळे झाले, आणि हुकूम आला की आता घोडे आणा.

तपासणीला आणा, एवढंच म्हटलं होतं. पण तपासणीला नेलेलं परत किती येतं ते इवाकिचीच्या वेळी कळलंच होतं.

घरात उरली तिघं. मोसुके, त्याची बायको तोमे आणि सून शिनो. आणि कुरी. कुरीला वेगळं धरायची त्या गावात पद्धत नव्हती. घर काटकोनात बांधलेलं. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला घोडी, मधल्या कोपऱ्यात आगटी. आगटीचा धूर आधी माणसांच्या डोळ्यांत जायचा आणि मग घोडीच्या. माणसं जेवायला बसली की कुरी दांडीवरून मान काढून बघत राहायची. शिनो लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला घास उतरत नव्हता. नंतर तीही कुरीकडे तोंड करून जेवायला लागली.

हुकूम आला त्या दिवशी तोमेने भांडी तशीच ठेवली आणि आगटीपाशी येऊन बसली.

"अहो, ऐका. तिला रोड करायची."

"रोड?" मोसुके म्हणाला.

"बरगड्या दिसल्या पाहिजेत. हडकलेली घोडी कोण नेतंय लढाईवर? उद्यापासून सोयाबीन बंद. जव बंद. नुसतं वाळलं गवत."

"आणि तिला हे सांगणार कोण?"

"तुम्ही सांगा. तुमचंच ऐकते ना." तोमेने चिमट्याने निखारा सारखा केला. "पोरगा तिकडे. आता हीपण गेली तर चिखलणी कोण करणार? खाचरं काय बादशहा येऊन नांगरणार आहे?"

"अहो आई, हळू," शिनो म्हणाली. "शाळेचे मास्तर याच रस्त्याने घरी जातात."

"जाऊ देत. मास्तरला म्हणावं, तू ये चिखलात."

पण आवाज तिने कमी केला.

मोसुकेला कळत होतं, बायकोचं बरोबर होतं. घरात पुरुष एक, तोही पन्नाशी उलटलेला. खाचरं पाच. पाणी सोडलं की माती फिरवून, दाताळं ओढून लोण्यासारखी करावी लागते, आणि ते काम घोडीचं. लावणी लांबली तर त्या भागात थंडी आधी येते आणि भाताचं कणीस नुसतं हिरवं उभं राहतं. त्यामुळे कुरी राहिली तर भात, नाहीतर वरई आणि मुळा, तेही पुरलं तर. असा साधा हिशोब होता.

तर ठरलं. रोड करायची.

कुरीने दोन-तीन दिवस समजूतदारपणे गवत खाल्लं. मग एका संध्याकाळी तिने दांडीवर हनुवटी टेकली आणि माणसांच्या वाडग्यांकडे बघायला लागली. खिंकाळली असती, लाथा झाडल्या असत्या, तर मोसुकेने चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपला असता. पण ती नुसती बघायची. कान पुढे. तिघंही वाडग्यात डोळे घालून जेवली आणि त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोसुके तोमेच्या आधी उठला. भिजवलेल्या सोयाबीनची एक मूठ नेऊन कुरीसमोर धरली. "आज एकच दिवस," असं तिला म्हणाला. तिने हात चाटून स्वच्छ केला. त्यानंतर तो रोजच आधी उठायला लागला. मूठ कधी दोन्ही हातांची ओंजळ झाली ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तपासणी जवळ आली तसा दानझो आला. दानझो घोड्यांचा दलाल. इवाकिची जन्मला त्याच्या आधीपासून या घरात घोडे त्याच्या हातून आले-गेले होते, त्यामुळे तो दाराबाहेरून हाक मारण्याच्या भानगडीत पडायचा नाही. आत आला, टोपी काढली, आणि माणसांच्या आधी घोडीकडे गेला.

"अरे मोसुके!" तिथूनच ओरडला. "ही तपासणीला चाललीय की लग्नाला?"

"का?"

"का काय? पुठ्ठे बघ. भोपळा ठेवलाय जसा. वहिनी, काय घालता हो हिला?"

"गवत," तोमे म्हणाली. "नुसतं वाळलं गवत."

"हो?" दानझोने गव्हाणीत हात घातला आणि तळाशी चाचपला. एक उकडलेला मुळा वर आला. "गवताला मुळे धरलेत वाटतं यंदा."

शिनो लाल झाली. "तो मी टाकला. उरला होता म्हणून. एकच."

"आणि हे?" त्याच्या बोटांना सोयाबीनची सालं चिकटली होती.

मोसुके आढ्याला साचलेल्या काजळीकडे बघायला लागला.

"अहो!" तोमे म्हणाली. "आपलं ठरलं होतं ना?"

"थांबा वहिनी, अजून आहे." दानझोने बोटं नाकाशी नेली. "ही वरईची पेज. मीठ घातलेली. मिठाची पेज घोडीला कोण घालतं बाबा?"

शिनोने मान हलवली. मोसुकेनेही हलवली. मग दोघं तोमेकडे बघायला लागले. तोमे उठली आणि उगाच किटलीचं झाकण उघडून आत बघू लागली.

"तिचं पोट दुखत होतं," ती किटलीत बघत म्हणाली.

दानझो इतका हसला की त्याला ठसका लागला. कुरीने मान काढून बघितलं. मग सगळेच हसले. इवाकिची गेल्यापासून त्या घरात तेवढ्या जोरात कुणी हसलं नव्हतं.

हसून झाल्यावर दानझोने साके, भाताची दारू, मागितली, ती मिळाली नाही, चहा मिळाला. तो पिऊन त्याने कुरीच्या खांद्यापाशी उभं राहून आपल्या छातीवर हाताने खूण केली, वाकून बघितलं, पुन्हा खूण केली.

"बसा," तो म्हणाला. "मी पलीकडच्या गावची तपासणी बघून आलोय. साहेबाकडे काठी आहे. काठीवर खूण आहे. घोड्याचा खांदा खुणेला लागला तर पुढचं बघतो, दात, खूर, सगळं. खुणेच्या खाली राहिला तर दातसुद्धा बघत नाही. जा म्हणतो. ही दोन बोटं खाली राहते."

"नक्की?" तोमेने विचारलं.

"वहिनी, माझं पोट याच्यावर आहे. दोन बोटं. नशीब बुटकं आहे तुमचं."

तोमेने दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवले आणि खाली ओढून घेतले.

"पण एक," दानझो म्हणाला. "साहेब बोलतो फार. आपल्या घोड्यांना नावं ठेवतो. याने," त्याने हनुवटीने मोसुकेकडे दाखवलं, "याने ऐकून घ्यायचं. हो साहेब, खरं साहेब, आणि घोडी घेऊन घरी."

"ऐकलंत?" तोमे म्हणाली. "तोंड उघडायचं नाही."

"मी कधी उघडतो?"

तोमेने आणि दानझोने एकमेकांकडे बघितलं. मागच्या शरदात, घोड्यांच्या बाजारात, सेन्दाईच्या एका गिऱ्हाइकाने कुरीच्या शिंगराला बकरी म्हटलं होतं. भाव चांगला देत होता. गंमतीत म्हणाला होता. मोसुकेने शिंगराचा दोर त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्याला त्याहून कमी भावात दिलं. घरी येईपर्यंत दानझो त्याच्याशी बोलला नव्हता.

"शपथ घ्या," तोमे म्हणाली.

"बरं, घेतली."

"कुणाची?"

मोसुकेने जरा विचार केला. "इवाकिचीची."



तपासणी शाळेच्या मैदानात होती. शाळा नवी, पांढऱ्या रंगाची, काचेच्या खिडक्यांची. मैदानाच्या एका कडेला घोड्यांच्या देवळाच्या दगडी पायऱ्या सुरू होतात आणि देवदारांतून वर जातात.

मोसुकेने ठरवलं होतं की धुवायची नाही. शेण लागलेली, विस्कटलेली, तशीच न्यायची. सकाळी तशीच बाहेरही काढली. ओढ्यापर्यंत आला आणि थांबला. घोडी चार लोकांत न्यायची आणि शेणाने माखलेली न्यायची, हे त्याच्याच्याने होईना. पाय तेवढे धुवू म्हणाला. मग पाठ. मग आयाळ विंचरली. मैदानात पोचला तर सगळ्यांनी हेच केलेलं. गावातला एकूण एक घोडा चकचकीत, आयाळी विंचरलेल्या, दोघा-तिघांनी तर कपाळाला लाल फीतही बांधलेली. एकालाही आपला घोडा द्यायचा नव्हता आणि सगळे नटवून घेऊन आले होते.

"शाब्बास," तोमे त्याच्या कानाशी म्हणाली आणि बायकांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

साहेब म्हणजे लष्करातला घोड्यांचा डॉक्टर. तिशीचा असेल. चष्मा, चिखलाने भरलेले बूट, घसा बसलेला. दिवसाला एक गाव करत आला होता आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याच्या शेजारी गावचे मुखिया ओयामादा, खाली जुना घेरदार पायजमा आणि वर विलायती टोपी. साहेब बोलला की टोपी हलायची.

घोडे पुढे जात होते. काठी लागत होती. उंच होते ते डावीकडे, बुटके उजवीकडे. उजवीकडचे मालक तोंड पाडून परत यायचे आणि देवदाराच्या आड गेल्यावर हसायचे.

कुरीची पाळी आली. ती शांत उभी राहिली. शिपायाने काठी लावली.

"दोन बोटं कमी," शिपाई म्हणाला.

"जा," साहेब म्हणाला.

झालं. एवढंच होतं. मोसुकेने कमरेत वाकून नमस्कार केला, दोर धरला आणि वळला. समोर तोमे दिसली. ती हसत नव्हती, पण तिचे खांदे खाली आले होते. शिनोने तिचा हात धरला होता.

मागे साहेब मुखियांशी बोलत होता. मोसुकेशी नाही. मोसुकेकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"याला घोडा म्हणतात तुमच्याकडे?" तो म्हणत होता. "कुत्रं म्हणा, खोगीर घातलेलं. चार वर्षांपूर्वी पेकिंगला होतो मी. आठ देशांच्या फौजा शेजारी शेजारी. इंग्रजांचे घोडे, जर्मनांचे घोडे, रांगेत उभे, हूं नाही की चूं नाही. आणि आमचे? एकमेकांना चावतायत, शिपायांना चावतायत, घोडी दिसली की दोर तोडतायत. सगळे बघायला जमायचे. तमाशा. मी तिथे या गणवेशात उभा होतो, मुखिया. तोंड कुठे लपवू असं झालं होतं."

"हो साहेब," मुखिया म्हणाले.

मोसुके चालत राहिला.

"आता परदेशातून वळू येणार. मोठे. आणि हे खुजे नर आहेत ना, सगळे खच्ची करायचे. कायदाच झालाय तसा. लढाई संपू दे. एकदा ते झालं की वीस वर्षांनी ही जात बघायला मिळणार नाही. आणि बरंच होईल. जगात मान वर करून चालायचं तर हे असलं घेऊन चालता येणार नाही."

"अगदी साहेब," मुखिया म्हणाले. "अगदी खरं."

साहेबाचं बोलणं मोसुकेने गिळलं होतं. साहेब बाहेरचा, थकलेला, लाजलेला माणूस. पण हे "अगदी" ओयामादाच्या तोंडचं होतं. ओयामादाच्या आज्याने वाढवलेला घोडा या मुलखाच्या सरदाराने एदोला शोगुनाकडे नजराणा म्हणून पाठवला होता. ही गोष्ट ओयामादा दर नव्या वर्षाला, नको नको म्हणेपर्यंत सांगायचा. आणि आता टोपी हलवून अगदी खरं म्हणत होता.

मोसुके थांबला. कुरीही थांबली.

तोमेने तिथूनच मान हलवली. नाही. नाही.

"साहेब," मोसुके वळून म्हणाला, "तुमच्या काठीला वजन कळतं का?"

साहेबाने चष्म्यातून बघितलं. "काय?"

"उंची कळते. वजन कळतं का? ते डावीकडचे उंच आहेत, घ्या. पण त्यांच्या पाठीवर ओझं घाला आणि त्या पायऱ्या चढवून दाखवा. माझं कुत्रं चढतं."

कुणीतरी हसलं. दानझोने टोपी काढून तोंडावर धरली.

"मोसुके, गप," मुखिया म्हणाले. "साहेब, याचा मुलगा लढाईवर आहे, जरा डोकं..."

"थांबा," साहेब म्हणाला. त्याला राग आला नव्हता. सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी नवीन घडत होतं. "चढवून दाखव."

लष्कराने आपल्या घोड्यांसाठी आणलेली जवाची पोती बाजूला रचलेली होती. मोसुकेने दोन्हीकडे एकेक बांधलं. शिपाई म्हणाला बास. मोसुकेने आणखी दोन चढवली, वर आडवी, आणि दोर आवळला. त्याचे हात कितीतरी महिन्यांत एवढे स्थिर झाले नव्हते. आपण काय करतोय ते त्याला दिसत होतं, पण दुसऱ्याच कुणाला तरी बघावं तसं.

पायऱ्या शेवाळलेल्या, अरुंद. कुरी दरवर्षी सणाला गळ्यात घुंगरं घालून त्या चढायची, पण रिकामी. तिने पहिल्या पायरीला हुंगलं. मोसुकेने दोर सैल सोडला आणि पुढे चालायला लागला. मागे वळून बघितलं नाही, कारण वळून बघितलं की ती थांबते. खूर दगडावर वाजत राहिले. मधे एकदा घसरल्याचा आवाज आला, बायका ओरडल्या, मग पुन्हा खुरांचा आवाज सुरू झाला. वर देवळाच्या अंगणात पोचल्यावर त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. मान ओली आणि गरम होती.

त्याला तिथेच थांबावंसं वाटलं. वर कुणी नव्हतं. पण खाली उतरणं जास्त कठीण असतं आणि खाली सगळे बघत होते. म्हणून तो तिला घेऊन उतरला. कुरी अंग मागे टाकून, एकेक पाय चाचपत खाली आली. पोतं एकही सरकलं नाही.

गाव ओरडलं. ज्यांचे घोडे डावीकडे गेले होते तेही ओरडले.

साहेब जवळ आला. त्याने कुरीचा पाय उचलून खूर बघितला. तिने मुकाट पाय दिला. मग तोंड उघडून दात बघितले.

"चावते?"

"छे, साहेब."

"लाथ?"

"घरात आमच्यासोबत असते. माझा मुलगा तिच्या पायात बसून पेज प्यायलाय लहानपणी... म्हणजे हिच्या आईच्या पायात."

"आवाजाला घाबरते?"

"मेघ गडगडले तरी कान हलवत नाही."

"अंगाने चांगली भरलीय. काय घालता?"

"सोयाबीन," मोसुके म्हणाला. "मुळा. पेज घालतो, साहेब, मीठ घालून." हे तो अभिमानाने म्हणाला. नंतर तोमेने त्याला हेच पुन्हा पुन्हा ऐकवलं. एकेक प्रश्न आणि एकेक उत्तर.

साहेबाने चष्मा पुसला. "डोंगरी तोफ असते," तो म्हणाला. "सुटी करून पाठीवर न्यावी लागते. तिकडे नुसते डोंगर आहेत. उंच घोडे पाय मोडून घेतात, मी कितीदा लिहून पाठवलं वर." मग शिपायाला म्हणाला, "हिला डावीकडे घे."

मोसुकेला आधी कळलंच नाही. "साहेब, ती बुटकी आहे," तो म्हणाला. "दोन बोटं कमी आहे."

"तोफेला चालते." साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, छान वाढवलीय. मी चुकलो."

एवढं ऐकायला मोसुकेने सगळं केलं होतं, आणि आता ऐकायला मिळालं होतं. शिपायाने त्याच्या हातातून दोर घेतला.

घोडे दुसऱ्या दिवशी निघाले. माणसं निघतात तसेच. झेंडे होते, मास्तरांनी शिकवलेली गाणी मुलांनी म्हटली, मुखियांनी भाषण केलं. भाषणात कुरीचं नाव आलं. आपल्या मुलखाचा घोडा काय आहे ते काल आपण दाखवून दिलं, असं ओयामादा म्हणाले. आपण म्हणाले. लोक मोसुकेकडे वळून बघत होते. तोफ वाहणार तुझी घोडी, असं दोघा-तिघांनी म्हटलं. मोसुकेची छाती फुगली. मग त्याला बायकोचा चेहरा दिसला आणि छाती तशीच राहिली, खाली जाईना. याचं त्याला स्वतःलाच फार वाईट वाटलं. पण खरं म्हणजे बरंही वाटत होतं.

तोमेने कालपासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ती झेंड्यांतून वाट काढत कुरीपाशी गेली. कुरीचा दोर ज्याच्या हातात होता तो शिपाई वीस-बावीसचा, तोक्योचा, होरी नावाचा. घोड्यापासून जितकं लांब उभं राहता येईल तितका लांब उभा होता.

"घोडा कधी सांभाळलायस?" तोमेने विचारलं.

"नाही काकू. माझ्या बापाचं कागदी कंदिलांचं दुकान आहे."

"अरे देवा. दोर असा नाही धरायचा. जवळून धर. हनुवटीखाली. घाबरू नकोस, ती तुला खाणार नाही." तिने त्याचा हात धरून जागेवर ठेवला. "पाणी गार देऊ नको. कोमट. नाहीच जमलं तर तोंडात बोट घालून आधी थोडं चाटव. आणि ती चालायची थांबली तर ओढायचं नाही. पुढे चालायला लागायचं. मागे बघायचं नाही."

"बरं काकू."

"काय सांगितलं?"

"मागे बघायचं नाही."

"तिकडे इवाकिची नावाचा कुणी भेटला," तोमे म्हणाली आणि थांबली. मांचुरिया केवढं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण आपल्या दरीपेक्षा मोठं आहे एवढं तिला कळत होतं. "असू दे," ती म्हणाली. "जा."

सगळ्यांनी बानझाईचा जयघोष केला. कुरी त्या आवाजाने दचकली नाही. होरी पुढे बघत चालायला लागला आणि ती त्याच्यामागे निघाली.

गावात तीन म्हातारे घोडे उरले होते आणि काही बुटके. मुखियांनी पाळ्या लावून दिल्या. ज्यांचे घोडे गेले त्यांना उरलेल्यांचे मिळतील, एकेक दिवस. मोसुकेची पाळी शेवटाकडे आली. दानझोने आपल्याकडून खटपट केली, दोन गावं फिरला, हात हलवत परत आला.

"एक बैल आहे एकाचा," तो म्हणाला. "आंधळा आहे."

"मग?"

"मग मरेल तुझ्या खाचरात. नको."

पाळीची वाट बघितली असती तर लावणीला उशीर झाला असता. म्हणून पाणी सोडल्यावर मोसुकेने दाताळ्याला जाड दोर बांधला, दोराची दोन टोकं खांद्यांवरून घेतली आणि चिखलात उतरला. मागे तोमे, दाताळं दाबून धरायला. बांधावर शिनो, आपली पाळी आली की उतरायला पदर कमरेला खोचावा तशी बाह्या बांधून तयार. तोमे अजून बोलत नव्हती. लागेल तेवढं शिनोमार्फत सांगायची. "त्यांना म्हणावं जेवून घ्या." "त्यांना म्हणावं पावसाचं आलंय." शिनो बिचारी समोरासमोर बसलेल्या दोघांचे निरोप इकडून तिकडे करायची.

पाणी बर्फाचं, घोट्यापासून वर नुसत्या कळा. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत मधेच मोसुकेचे पाय रुतले. त्याने जोर लावला, दाताळं हललं नाही. दोर खांद्यात घुसला होता. तो थांबला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. श्वास आत जात होता की बाहेर येत होता तेही समजत नव्हतं.

मागून तोमे बोलली. थेट त्याच्याशी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"अहो, कुरी इतक्यात थांबत नव्हती."

"कुरीला चार पाय होते," तो धापा टाकत म्हणाला.

"आणि तोंड बंद होतं."

बांधावर शिनो खुदकन हसली आणि लगेच हात तोंडावर नेला. चिखल तोंडाला लागला. मोसुकेने मागे वळून बघितलं. तोमे हसत नव्हती, रडतही नव्हती. दाताळ्यावर वाकून, त्याने ओढायची वाट बघत होती.

"शिनो," ती म्हणाली, "उतर ग खाली. एक टोक तू घे. एकट्याने मरतील ते."

शिनो उतरली. दोघांनी दोर वाटून घेतला. दाताळं सुटलं, हललं, मागे मऊ काळी पट्टी उमटत गेली. अंधार पडेपर्यंत एक खाचर झालं आणि दुसरं अर्धं. दुसऱ्यात वरून पाणी कमी येत होतं. ते उद्या बघू, असं मोसुके म्हणाला. तोमे म्हणाली, उद्या नको, आत्ताच बघा, आणि तो फावडं घेऊन बांध फोडायला गेला.